पिकअपचा सपाट लोखंडी हौदा : अंगणात बांधावा की बॉडी बिल्डरकडून करून घ्यावा?

कांद्याच्या ओल्या पिशव्या, सांडलेला युरिया आणि कोपऱ्यांत साचून राहिलेला चिखल यांमुळे पिकअपचा मूळ हौदा गंजून खाल्ला गेला, की मालकापुढे दोन वाटा उभ्या राहतात. लोखंड आणून घरीच सपाट हौदा बांधायचा, किंवा गाडी बॉडी बिल्डरकडे, म्हणजे गाड्यांचे हौदे बांधून देणाऱ्याकडे, नेऊन सोडायची. मी दोन्ही केले आहे. पहिल्या पिकअपचा हौदा जुळे सोलापुरातील घराच्या अंगणात अकरा रविवार खर्चून बांधला आणि दुसऱ्या गाडीचा अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत नऊ दिवसांत करून घेतला. हा निर्णय बहुतेक जण मजुरीच्या आकड्यावर घेतात. माझ्या अनुभवात मजुरी हा त्यातील सर्वांत कमी महत्त्वाचा भाग ठरला.

प्रथम वजनाचा विचार करावा, कारण गाडीचे एकूण मान्य वजन ठरलेले असते आणि हौद्यात वाढलेला प्रत्येक किलो भरण्याच्या मालातून वजा होतो. माझ्या हौद्याची लांबी २.७ मीटर आणि रुंदी १.७ मीटर होती, म्हणजे क्षेत्रफळ साधारण ४.६ चौरस मीटर. साधा लोखंडी पत्रा दर मिलिमीटर जाडीमागे चौरस मीटरला ७.८५ किलो भरतो, त्यामुळे ३ मिलिमीटरचा तळ १०८ किलोंचा आणि ५ मिलिमीटरचा १८० किलोंचा होतो. चेकर पत्रा घेतल्यास उठावाच्या नक्षीचे वजन आणखी वाढते. ३ ऐवजी ५ मिलिमीटर पत्रा घालणे म्हणजे जाताना-येताना, रिकाम्या गाडीतसुद्धा, ७२ किलो वाहत राहणे. बाजार समितीत ५० किलोच्या पिशव्या घेऊन जाणाऱ्याने ही जवळजवळ दीड पिशवी प्रत्येक खेपेला सोडून दिलेली असते. लांबीच्या दिशेने ७५ मिलिमीटरचे दोन चॅनल (इंग्रजी C आकाराचे लोखंड), आडवे ५० बाय ५० चे ३ मिलिमीटर जाडीचे सात चौकोनी पाइप, कडेने ५० चा अँगल (L आकाराचे लोखंड) आणि केबिनमागची जाळी असे सर्व धरून माझा हौदा अडीचशे किलोंच्या आसपास बसला, आणि तेवढे पुरेसे होते.

येथे घरचे काम स्पष्टपणे सरस ठरते. अनेक फॅब्रिकेटर तयार मालाचा दर किलोवर सांगतात, त्यामुळे जाड चॅनल आणि जाड पत्रा वापरण्यात त्यांचे नुकसान काहीच नसते आणि ग्राहकालाही 'मजबूत आहे' हे ऐकून बरे वाटते. घरी बांधणारा माणूस प्रत्येक तुकडा स्वतः उचलतो, म्हणून तो त्याचे वजन विसरत नाही. आपल्या मालाप्रमाणे माप धरण्याची सोयही घरीच जास्त मिळते. माझ्याकडील डाळिंबाचे क्रेट ५४० बाय ३६० मिलिमीटरचे आहेत. रेखाटन करण्यापूर्वी मी सहा क्रेट अंगणातील फरशीवर मांडून पाहिले, तेव्हा रुंदीत तीन क्रेट १६२० मिलिमीटरमध्ये बसतात आणि दोन्ही बाजूंना दोरीचे हूक लावण्यापुरती जागा उरते, हे लक्षात आले. हौद्याची रुंदी त्यावरून ठरली. बॉडी बिल्डरकडे मात्र त्याचे नेहमीचे माप असते, आणि ते बदलून मागितले तर काम मागे पडते.

वेल्डिंगच्या बाबतीत चित्र उलटे होते. घरच्या सिंगल फेज जोडणीवर छोटे इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन चालते. १०० अँपिअरला ते साधारण ३ किलोवॅट ओढते, म्हणून त्याला १६ अँपिअरचा स्वतंत्र सॉकेट आणि जाड वायर हवी, लांबलचक एक्स्टेंशन नको. ३ मिलिमीटरच्या पाइपला १२ नंबरची आणि चॅनलच्या सांध्यांना १० नंबरची रॉड, एवढी माहिती कोणीही देतो. तापून लोखंड कसे ओढले जाते, हे मात्र हात भाजल्याशिवाय कळत नाही. मी सांगाडा फरशीवर जुळवला, वेल्डचे छोटे टाके मारले आणि दोन्ही कर्ण मोजले, तेव्हा ते ३१९१ मिलिमीटरला तंतोतंत जुळत होते. त्या आनंदात मी तळाचा पत्रा एकाच दुपारी, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग वेल्ड करत गेलो. संध्याकाळी कर्णांत ११ मिलिमीटरचा फरक आला होता आणि पत्रा मधोमध पालथ्या परातीसारखा फुगला होता. पत्र्याला ५० मिलिमीटर वेल्ड, मग १५० मिलिमीटर मोकळी जागा, एक तुकडा पुढे तर दुसरा मागे असे फिरते काम करायचे असते, म्हणजे उष्णता एका जागी साचत नाही. सगळा सांगाडा जाड टेबलावर शिकंज्यांनी आवळून धरणारा कारागीर हे काम अंगणापेक्षा निश्चितच सरळ करतो. माझा फुगलेला पत्रा शेवटपर्यंत तसाच राहिला. पाणी त्याच्या कडांना साचत असे, आणि गंजही तिथूनच सुरू झाला.

खरा प्रश्न आहे तो हौदा चासीवर, म्हणजे इंजिन आणि चाके जिला जोडलेली असतात त्या लोखंडी चौकटीवर, बसवण्याचा, आणि येथे दोन्ही वाटांवर सारखाच धोका आहे. पिकअपची चासी रस्त्याच्या खाचखळग्यांत थोडी पिळली जाते आणि तिला तसे पिळता आले पाहिजे. हौदा तिला ठिकठिकाणी वेल्डने जखडला, तर सगळा ताण वेल्डच्या काठावर एकवटतो. चासीच्या लांब चॅनलच्या वरच्या-खालच्या पट्टीला वेल्ड करू नये, त्या पट्ट्यांना भोके पाडू नयेत. उभ्या भागात कंपनीने ठेवलेल्या भोकांतूनच ब्रॅकेट बोल्टने बसवावेत. यू-बोल्ट वापरायचे असल्यास चॅनलच्या पोटात आधाराचा ठोकळा घालावा, नाहीतर आवळताना पट्टी दबते. हौदा आणि चासी यांच्यामध्ये रबरी किंवा टणक लाकडाची पट्टी ठेवावी. सायलेन्सरजवळ मात्र लाकूड नको. माझ्या एका मित्राने शहरातील एका कारखान्यात हौदा बसवून घेतला होता. तेथील कारागिराने वेळ वाचवण्यासाठी दोन ब्रॅकेट चासीच्या वरच्या पट्टीला थेट वेल्ड केले. सव्वा वर्षाने मागचा स्प्रिंग बदलताना मेकॅनिकने कापडाने तेलकट धूळ पुसली, तर वेल्डच्या काठापासून केसासारखी बारीक चीर खाली उतरत होती. मित्र त्याच गाडीतून दोन मुलांना शाळेत सोडत असे. त्यामुळे 'कारखान्यात केले म्हणजे नीट झाले' हे मी आता मान्य करत नाही. पैसे देऊन काम करवतानासुद्धा मालकाने गाडीखाली आडवे होऊन पाहिलेच पाहिजे.

कागदपत्रांच्या बाजूने विचार केला तर घरच्या कामाची बाजू फारच लंगडी पडते, आणि हे मला पहिल्या वेळी कोणी नीट सांगितले नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील मूळ उत्पादकाने दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल, असा बदल मालकाला करता येत नाही. हौद्याचा प्रकार आणि गाडीचे रिकामे वजन हे त्या तपशिलातच येतात. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये मालकाने केलेल्या अशा बेकायदा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. ज्या गाडीची बॉडी वेगळी बांधली जाते, तिच्यासाठी नमुना २२-अ, म्हणजे गाडी सुरक्षेचे आणि प्रदूषणाचे नियम पाळते असे प्रमाणपत्र, असतो आणि त्याचा दुसरा भाग बॉडी बांधणाऱ्याने भरून द्यायचा असतो. अंगणातील कारागिराला तो देता येत नाही. मागचा झोला (मागच्या चाकांच्या मागे निघालेला भाग) व्हीलबेसच्या, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधील अंतराच्या, ६० टक्क्यांपेक्षा जास्त नसावा, मागे लाल, पुढे पांढरी आणि बाजूंना पिवळी परावर्तक पट्टी असावी, या गोष्टी घरी सहज पाळता येतात; परंतु त्या पाळल्याचा कागद घरी तयार होत नाही. पासिंगच्या वेळी आणि दुर्दैवाने अपघात झाल्यास विम्याच्या दाव्याच्या वेळी हाच कागद विचारला जातो.

तळ लोखंडी असावा की लाकडी, याचा निर्णय सोपा आहे. उन्हाळ्यात सोलापुरात पारा ४२ अंशांपलीकडे जातो, तेव्हा उघड्या पत्र्यावर ठेवलेले डाळिंब खालून भाजून निघते. नाशवंत माल असेल तर सांगाडा लोखंडी आणि वर फळ्या हे उत्तम. पंपसेट, पाइप, सळया वाहायच्या असतील तर पत्राच घ्यावा. रंगापूर्वी रेड ऑक्साइडचे (गंजरोधक अस्तराचे) दोन हात द्यावेत आणि चौकोनी पाइपांची तोंडे बंद करावीत, नाहीतर पाइप आतून कुजतो.

या सगळ्यावरून माझे मत असे झाले आहे की कर्जावरची किंवा वॉरंटीतील गाडी घरी उघडूच नये. जुनी गाडी असेल आणि हातात वेल्डिंगचे काम असेल, तरीसुद्धा सांगाडा आणि बसवणी नमुना २२-अ देऊ शकणाऱ्या बॉडी बिल्डरकडून करून घ्यावी, परिवहन कार्यालयाची परवानगी आधी काढावी, आणि रेखाटन मात्र स्वतःचे द्यावे. कोणता पाइप, किती जाडीचा पत्रा, हूक कुठे, रुंदी किती, हे सर्व कागदावर लिहून त्यावर त्याची सही घ्यावी. दर किलोवर न ठरवता संपूर्ण कामाचा ठरवावा. दुसऱ्या गाडीच्या वेळी मी असेच केले. वेल्डिंग सुरू होण्यापूर्वी बॅटरीची वायर माझ्यासमोर काढायला लावली, कारण नव्या गाड्यांतील इलेक्ट्रॉनिक युनिट त्या करंटने जाऊ शकते. उरलेली रक्कम देण्याआधी गाडी वजनकाट्यावर नेऊन रिकाम्या वजनाची पावती घेतली, दोन्ही कर्ण टेपने मोजले आणि टॉर्च घेऊन चासीच्या दोन्ही पट्ट्यांवर पुढून मागेपर्यंत कुठेही वेल्डचा ठिपका नाही, हे पाहून घेतले.