एकच संध्याकाळ हाताशी असेल तर: बोल्शोय की मारिन्स्की?

रशियाच्या आठ-दहा दिवसांच्या सहलीत मॉस्को आणि सेंट पीटर्सबर्ग दोन्ही असतात, पण बॅलेसाठी मोकळी संध्याकाळ बहुधा एकच मिळते. ती कुठे घालवायची? ‘दोन्हीकडे छानच असतं’ हे खरं असलं तरी तिकीट काढणाऱ्याला त्याचा उपयोग नाही. म्हणून माझं मत आधीच सांगून टाकते. रेषा, नजाकत, सगळ्यांचा एक श्वास बघायचा असेल तर पीटर्सबर्गचं मारिन्स्की थिएटर. गोष्ट, आवेश आणि उड्या हव्या असतील तर मॉस्कोचं बोल्शोय. आणि थिएटरच्या नावाआधी त्या रात्री कोणतं बॅले लागलंय ते बघा.

कथक बघणाऱ्याला लखनौ आणि जयपूर घराण्यांतला फरक सांगावा लागत नाही. इथलं प्रकरण तसंच आहे, फक्त घराणी घडली ती प्रेक्षकांमुळे. पीटर्सबर्ग झारची राजधानी. १७३८ साली लांदे नावाच्या फ्रेंच नृत्यशिक्षकाने तिथे दरबाराच्या आश्रयाने शाळा काढली. पुढे १८४७ मध्ये आलेला नृत्यरचनाकार मारियुस पेतिपा, हाही फ्रेंचच, आयुष्यभर तिथे राहिला. समोर बसणारे दरबारी, त्यामुळे शिस्त, समरूपता आणि खानदानी अदब यांना मान. मॉस्को व्यापाऱ्यांचं गाव. बोल्शोय आपला जन्म १७७६ चा मानतं. तिथल्या प्रेक्षकाला रंग हवा होता, गोष्ट हवी होती. पेतिपाने ‘डॉन किहोते’ १८६९ मध्ये मॉस्कोसाठीच बसवलं. १९०० साली नृत्यरचनाकार गोर्स्कीने ते नव्याने उभं केलं तेव्हा नर्तकांच्या सरळ रांगा मोडल्या आणि बाजारातल्या गर्दीतल्या प्रत्येकाला स्वतःचं काहीतरी काम दिलं. बोल्शोयच्या मागच्या ओळीतला नर्तकही अभिनय करत असतो, त्याचं मूळ इथे आहे.

मग १९१८ मध्ये राजधानी मॉस्कोला हलली, आणि तिच्यामागोमाग माणसंही. लेनिनग्राडमध्ये (पीटर्सबर्गचं सोव्हिएत काळातलं नाव) घडलेली नर्तकी गालिना उलानोवा १९४४ मध्ये बोल्शोयला गेली, नृत्यरचनाकार युरी ग्रिगोरोविच १९६४ मध्ये. त्यामुळे बोल्शोयच्या वैभवात पीटर्सबर्गचा वाटा मोठा आहे, हे मॉस्कोवाल्यांना फारसं ऐकवू नये. इमारतींचंही तेच. १८५३ च्या आगीनंतर बोल्शोय पुन्हा बांधणारा काव्होस आणि १८६० मध्ये उघडलेल्या मारिन्स्कीचा वास्तुविशारद काव्होस, माणूस एकच. बोल्शोयचं सभागृह लाल-सोनेरी, मारिन्स्कीचं निळं-सोनेरी.

जुन्या रेकॉर्डिंगवर ‘किरोव’ लिहिलेलं दिसलं तर गोंधळू नका. १९३५ ते १९९२ मारिन्स्कीचं तेच नाव होतं. सोव्हिएत काळात पश्चिमेत पळून गेलेले नर्तक नुरेयेव, माकारोवा, बारिश्निकोव तिघेही तिथलेच.

आता प्रत्यक्ष नाच. मारिन्स्कीत मी हात बघते. आग्रिपिना वागानोवाने शिकवण्याची जी पद्धत बसवली तिच्यात पाय, पाठ, मान आणि बोटांची टोकं एका वाक्यासारखी बोलावी लागतात. सगळ्या एकाच शाळेतून आल्या की काय होतं ते ‘ला बायादेर’मधल्या छायांच्या, म्हणजे मृतात्म्यांच्या, प्रवेशात दिसतं. अंधाऱ्या रंगमंचावर मागे एक उतार. वर एक पांढरी आकृती येते, एक पाय मागे उचलून पुढे झुकते, मग मागे रेलते, दोन पावलं टाकते. तिच्या जागी दुसरी. मग तिसरी. अशा बत्तीस. पहिलीला तेच परत परत करत राहावं लागतं, आणि तिचा घोटा थरथरला तर आख्ख्या थिएटरला कळतं. घडत काहीच नाही, तरी खोकायचं धाडस होत नाही.

हे बॅले १८७७ चं, आणि गोष्ट भारतातली: देवळातली नर्तकी निकिया, योद्धा सोलोर, गोवळकोंड्याच्या राजाची मुलगी गमझात्ती. असलं नाव आपल्याकडे कोणी मुलीचं ठेवल्याचं मी ऐकलेलं नाही, आणि गोवळकोंड्यात व्हिएन्नाच्या संगीतकार मिंकुसचे वॉल्ट्झ वाजतात. पहिल्या अंकात हसून घ्या.

बोल्शोयचं उत्तर म्हणजे ‘स्पार्टाकस’, रोमविरुद्ध उठलेल्या गुलामाची गोष्ट; ग्रिगोरोविच, १९६८, संगीत खाचातुरियनचं. इथे नाच पुरुषांचा. रोमन सैन्य रंगमंच तुडवत येतं, स्पार्टाकस आपल्या बायकोला, फ्रीगियाला, एका हातावर डोक्यावर तोलतो, आणि शेवटी भाल्यांच्या टोकांवर त्यालाच वर उचलतात. बारीक कलाकुसर शोधाल तर निराश व्हाल. पण ‘बॅले म्हणजे बायकांचं काहीतरी’ म्हणणाऱ्या नवऱ्याला किंवा बारा वर्षांच्या मुलाला इथेच न्या.

‘स्वान लेक’ दोन्हीकडे असतं. मॉस्कोत १८७७ मध्ये ते पहिल्यांदा आलं आणि जमलं नाही. आज जगाला ओळखीचं आहे ते पेतिपा-इवानोव यांचं १८९५ चं, पीटर्सबर्गचं रूप. मारिन्स्की सेर्गेयेवची १९५० ची आवृत्ती करतं: शेवटी राजपुत्र जादूगाराचा पंख उपटतो, सगळं गोड. ग्रिगोरोविचच्या २००१ च्या बोल्शोय आवृत्तीत राजपुत्र एकटा उरतो. मला ते संगीत ऐकून एकटा उरलेलाच पटतो.

व्यवहाराचं थोडं. दोन्हीकडे जुना आणि नवा असे रंगमंच आहेत (बोल्शोयचा नवा २००२ चा, मारिन्स्कीचा २०१३ चा). तिकिटावर कोणता लिहिलाय ते बघा, नाहीतर झुंबर बघायला जाल आणि साध्या भिंती बघून याल. २०२२ पासून तिथे आपली व्हिसा-मास्टरकार्ड चालत नाहीत. युक्रेनवरच्या युद्धामुळे जाऊच नये असं वाटणारेही आहेत, ते समजण्यासारखं आहे. बोल्शोयची नर्तकी ओल्गा स्मिर्नोवा त्याच कारणाने देश सोडून अ‍ॅमस्टरडॅमला गेली. डिसेंबर २०२३ पासून दोन्ही संस्थांचा प्रमुख एकच, वाद्यवृंद-संचालक गेर्गियेव. आणि पर्यटकांना हॉटेलात विकलं जाणारं ‘रशियन बॅले’ बहुतेकदा या दोघांपैकी कुणाचंच नसतं. कंपनीचं नाव वाचूनच पैसे द्या.

जागेचं म्हणाल तर ‘स्पार्टाकस’ खालून, शक्य तितक्या पुढून, घाम दिसेल इतकं जवळून. ‘बायादेर’ला मात्र वरच्या सज्जातली स्वस्त जागा घ्या. तिथून बत्तीसच्या बत्तीस दिसतात.