जुन्या फ्लॅटचं वायरिंग: झिरी मारायची, पट्टी लावायची, की जुन्याच पाइपात नव्या तारा ओढायच्या?

आमचा फ्लॅट १९८६ सालचा. गिझर सुरू झाला की हॉलमधला दिवा क्षणभर मंद व्हायचा, आणि आम्ही सगळ्यांनी ते "जुनं घर आहे, चालायचंच" म्हणून सोडून दिलं होतं. एका रविवारी मेन स्विच बंद करून मी स्वयंपाकघरातला बोर्ड उघडला. पंधरा अँपिअरच्या सॉकेटला जोडलेली लाल तार शेवटच्या दोन इंचांत काळी पडली होती. चिमटीत धरली तर वरचं आवरण भाजलेल्या पापडासारखं तुटून हातात आलं. आत करड्या रंगाची अ‍ॅल्युमिनियमची तार, आणि स्क्रूच्या तोंडाशी पांढरट भुकटी.

त्या काळच्या बऱ्याच घरांत अ‍ॅल्युमिनियमच्या तारा आहेत. हा धातू हवेत स्वतःवर थर धरतो, स्क्रूखाली दबून हळूहळू पसरतो आणि जोड सैल होतो. सैल जोडात समजा अर्धा ओहम अडथळा आला, तर २,००० वॉटचा गिझर जवळपास ९ अँपिअर ओढत असताना त्या एका टोकाशी ४० वॉट उष्णता तयार होते. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या हातातलं सोल्डरिंग आयर्न २५ वॉटचं असतं. म्हणजे गिझर चालू असेपर्यंत त्याहून तापलेलं काहीतरी बोर्डाच्या आत, प्लास्टिकला चिकटून, रोज सकाळी जळत होतं.

तेव्हा बदलायचं की नाही हा प्रश्न उरला नाही, कसं बदलायचं एवढाच उरला. त्यासाठी तीन रस्ते आहेत. घराला शोभेल कोणता, असं विचारत बसलात तर निवड चुकते. तुमच्या भिंती कशाच्या आहेत, घरात राहत असताना काम करायचंय का, आणि दहा वर्षांनी बिघाड शोधायची वेळ आली तर काय, हे आधी बघा.

जुन्या पाइपात नव्या तारा

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कमी त्रासाचा रस्ता हाच, पण तो तुमच्या हातात नसतो. स्लॅब ओतताना त्यात टाकलेला पाइप अजून मोकळा आहे का, यावर सगळं अवलंबून. ते कळायला एक सोपी चाचणी आहे, आणि कोणताही कोटेशनचा कागद हातात घेण्याआधी ती वायरमनकडून करून घ्या. मेन बंद करून एका पंख्याच्या पॉइंटची तार दोन्ही टोकांना सोडवायची आणि हलकेच ओढायची. ती सरकली तर तिलाच नवी तार बांधून पलीकडून ओढून घेता येते. नाही सरकली तर पाइप चेपलाय, सिमेंटचं पाणी आत शिरलंय किंवा वाटेत कुणीतरी खिळा मारलाय. जोर लावू नका. अर्ध्यात तुटलेली तार तो पाइप कायमचा बंद करते.

जुन्या इमारतींत हा पाइप लोखंडी असेल तर आतल्या गंजाच्या धारेने नव्या तारेचं आवरण सोलवटतं. तशा पाइपात तार सरकली तरी मी हा मार्ग घेणार नाही. दुसरी अडचण जागेची. पाइपाच्या पोटाचा साधारण ४० टक्क्यांहून जास्त भाग तारांनी भरू नये, कारण तारा तापतात आणि ती उष्णता बाहेर पडायला जागा लागते. १९८६ साली दोन दिवे आणि एक पंखा धरून टाकलेल्या पाइपात आज एसीची चार चौरस मिलिमीटरची तार, न्यूट्रल आणि अर्थिंग कोंबायला गेलात तर ते बसणार नाही. बसलं तरी बसवू नका. दिव्या-पंख्यांना मात्र हे जुने पाइप उत्तम.

झिरी मारून कन्सील्ड

भिंतीत खाच पाडून पाइप आणि तारा आत पुरायच्या, वर प्लास्टर. भिंत गुळगुळीत, एकही तार दिसत नाही, मॉड्युलर प्लेटा चमकतात. बहुतेक लोक "रिनोव्हेशन" म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे हेच असतं. तुम्ही तसंही फरशा उखडणार असाल, बाथरूमच्या टाइल्स काढणार असाल, प्लास्टर नव्याने करणार असाल आणि महिना-दोन महिने दुसरीकडे राहणार असाल, तर कन्सील्डच करा, दुसरा विचार नको.

पण सामान हलवून, चादरी झाकून, घरात राहत असताना हे करायचं असेल तर आधी कुणाच्या तरी घरी अर्धा दिवस जाऊन बघून या. कटर भिंतीला लागला की विटेची लाल धूळ कपाटातल्या घड्या घातलेल्या साड्यांपर्यंत जाते. आमच्या सोसायटीत दुपारी दोन ते चार तोडफोड बंद असते, म्हणून दिवसाचं काम आणखी लांबतं. तारांचा खर्च तिन्ही रस्त्यांना जवळपास सारखाच. कन्सील्डचा खरा खर्च झिरी, प्लास्टर, पुट्टी आणि पूर्ण खोलीचा रंग यात आहे, आणि वायरमनच्या "पॉइंट"च्या भावात तो धरलेला नसतो. गवंडी आणि रंगारी यांचे आकडे वेगळे मागून मगच तुलना करा.

भिंतीचा विचार तर आधीच हवा. बीम आणि कॉलमला कटर लावायचा नाही, कुणी कितीही "वरवरच मारतो" म्हटलं तरी. साडेचार इंची भिंतीत आडवी लांब झिरी मारली की ती भिंत तिथे कमजोर होते. उभी झिरी चालेल. मुंबई-पुण्याच्या बऱ्याच नव्या टॉवरांत मायवन पद्धतीने भिंतीच काँक्रीटच्या ओतलेल्या असतात. तिथे झिरीचा विषयच काढू नका. जुन्या वाड्यात मातीत रचलेल्या विटा असतात, कोकणात आणि गोव्यात जांभा. या भिंतींत झिरी सरळ येत नाही, कडा ढासळत जातात. शिवाय जांभा पावसाळ्यात पाणी धरतो, आणि ओल्या भिंतीत पुरलेला लोखंडी बॉक्स काही वर्षांत गंजून जातो.

कन्सील्ड केलंत तर दोन गोष्टींचा हट्ट धरा. तारा बोर्डापासून सरळ वर किंवा सरळ आडव्याच गेल्या पाहिजेत, तिरक्या कधीच नाहीत. उद्या घड्याळासाठी खिळा मारणाऱ्याला बोर्ड बघून अंदाज यायला हवा. आणि प्लास्टर चढण्यापूर्वी प्रत्येक भिंतीचा, मापाची टेप लावून, फोटो काढा. आमच्या बाथरूमचे असे अकरा फोटो आहेत. नळाची दुरुस्ती निघाली तेव्हा प्लंबरने आधी ते बघितले आणि मगच ड्रिल हातात घेतलं.

केसिंग-कॅपिंगची पट्टी

आता ज्या रस्त्याला लोक सगळ्यात आधी नाकारतात, त्याच्याबद्दल मला जास्त बोलायचंय: भिंतीवर प्लास्टिकची पन्हळ ठोकायची, तारा तिच्यात ठेवायच्या आणि वर टोपी दाबून बसवायची. "पट्टी चाळीत लावतात" हे मी स्वतः ऐकलंय. दिसायला ती दिसते, हे खरं. छताच्या कडेने, दाराच्या चौकटीला लागून, कोपऱ्यातून उभी नेली आणि भिंतीच्या रंगात रंगवली तर आठवड्याभरात तुमचं लक्षही जात नाही, पण दिसते. बाकी जवळजवळ प्रत्येक कसोटीवर, राहत्या जुन्या घरासाठी, ती पुढे आहे.

आमच्या दोन बेडरूमचं पट्टीचं काम तीन दिवसांत झालं, आणि तिन्ही रात्री आम्ही त्याच खोल्यांत झोपलो. प्लग ठोकण्यापुरती भोकं, तेवढीच धूळ. पण पट्टीची खरी किंमत मला काम झाल्यावर कळली.

आम्ही नव्या डीबीत, म्हणजे घरातली सगळी सर्किटं जिथून निघतात त्या पेटीत, ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी बसवून घेतले. हे उपकरण फेजमधून गेलेला प्रवाह आणि न्यूट्रलमधून परत आलेला प्रवाह सतत तोलत असतं. फरक पडला, म्हणजे प्रवाह कुणाच्या अंगातून जमिनीत जातोय असं दिसलं, की पुरवठा तोडतं. एमसीबी, म्हणजे जास्त प्रवाह गेला की आपोआप पडणारा स्विच, हे काम करत नाही. तो तार जळण्यापासून वाचवतो, माणसाला शॉकपासून नाही. १६ अँपिअरच्या एमसीबीला ३० मिलिअँपिअरची दखलही नसते.

आमच्या डीबीत दोन आरसीसीबी, एक बेडरूमना आणि एक बाकी घराला. पहिल्या रात्री पॅसेजमधला दिवा लावला की बेडरूमचा आरसीसीबी पडायचा. वायरमन आले, पॅसेजमधल्या पट्टीची टोपी उपसली, आणि पंधरा मिनिटांत कारण समोर: जुन्या सवयीने कुणीतरी पॅसेजच्या दिव्याला न्यूट्रल शेजारच्या बेडरूमच्या बोर्डातून उसना घेतला होता. प्रवाह जायचा एका रस्त्याने, परतायचा दुसऱ्याच. चिनी मातीच्या जुन्या किटकॅट फ्यूजच्या काळात अशा उसनवारीची कुणाला खबरही लागत नसे. पॅसेजच्या सर्किटचा स्वतःचा न्यूट्रल डीबीपासून ओढला, टोपी पुन्हा दाबली, विषय संपला. हाच दोष भिंतीच्या पोटात असता तर घरातला एकेक बोर्ड उघडून शोधत बसावं लागलं असतं, आणि नवी तार ओढायला पाइपात जागा नसती तर पुन्हा झिरी.

तोटेही आहेत. स्वयंपाकघरात पट्टीवर तेलाचा चिकट थर बसतो आणि तो पुसायला कुणी जात नाही. बाथरूममध्ये पट्टी नको. उंदरांचा त्रास असलेल्या तळमजल्यावर टोपी नीट बसलेली नसेल तर तारा कुरतडल्या जातात. आणि स्वस्त, पातळ पट्टीची टोपी वर्षभरात निसटते, म्हणून दुकानात दोन तुकडे मागून टोपी चार-पाच वेळा काढून-लावून बघा.

स्वतः किती करायचं

घरचं काम घरीच करण्याची हौस मला आहे, ड्रिल माझ्या कपाटात आहे. पण इथे कायद्याची रेघ स्पष्ट आहे आणि ती मला पटते. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांतल्या ४५ व्या नियमाने, आणि पुढे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या आणि आता त्यांच्या जागी आलेल्या २०२३ च्या सुरक्षा विनियमांनी, दिवे, पंखे, फ्यूज, स्विच अशा वस्तू जशाच्या तशा बदलण्याला मोकळीक ठेवली आहे. नवं वायरिंग किंवा त्यातला बदल परवानाधारक ठेकेदाराकडून, सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या माणसाच्या देखरेखीखालीच व्हायला हवा. आयटीआयमध्ये वीजतंत्री आणि तारतंत्री हे दोन वेगळे अभ्यासक्रम आहेत, ते उगाच नाहीत. व्हिडिओ बघून तार जोडता येते. तो जोड पाच वर्षांनी कसा असेल ते मात्र व्हिडिओत दिसत नाही.

तरी तुमच्या वाट्याला भरपूर उरतं. एक वही घेऊन बसा आणि एकेक फ्यूज बंद करून घरातलं काय काय बंद होतं ते लिहा. आमच्याकडे गिझर, फ्रिज आणि बेडरूमचा पंखा एकाच फ्यूजवर निघाले, आणि त्या किटकॅटमध्ये कुणीतरी जाड तार गुंडाळून ठेवली होती. मग आज काय चालतं आणि पाच वर्षांत काय येईल ते मांडा: गिझर २,०००, इंडक्शन २,०००, दीड टनाचा एसी १,६०० वॉटच्या आसपास. तिन्ही एकदम लागले तर २३० व्होल्टवर २४ अँपिअरच्या वर. मीटरचा मंजूर भार त्याला पुरतो का, हे वीज बिलावर बघा. वाढवायचा असेल तर अर्ज आधीच करा. पट्टी कुठून न्यायची ते खडूने आखणं, सामान हलवणं, शेवटी पट्टी रंगवणं, हेही तुमचंच.

वायरमनशी बोलताना "चांगली वायर लावा" एवढं म्हणून थांबू नका. दिव्या-पंख्याला दीड चौरस मिलिमीटरची, सॉकेटला अडीचची, एसी-गिझरला चारची, सगळी तांब्याची, आवरणावर आयएसआय चिन्ह आणि आयएस ६९४ छापलेलं, हे कोटेशनवर लिहून घ्या. अडीचच्या तारेवर ३२ चा एमसीबी लावत असतील तर थांबवा. तार तापेल, एमसीबी पडणार नाही. आणि तीन पिनांच्या प्रत्येक सॉकेटला अर्थिंगची हिरवी तार डीबीपर्यंत स्वतंत्र गेली पाहिजे. जुन्या घरांत हिरवी तार नसते म्हणून अर्थिंगच्या पिनेला न्यूट्रलचाच तुकडा जोडून देणारे लोक आहेत. टेस्टर लावला तर सगळं ठीक दिसतं. मागे कुठे तो न्यूट्रल तुटला की चालू वॉशिंग मशीनचा पत्रा थेट २३० व्होल्टवर येतो, आणि ओल्या हाताने कपडे काढणारं माणूस त्याला हात लावतं. असं सुचवणारा वायरमन कितीही स्वस्त असला तरी त्याला घरात घेऊ नका.

आम्ही शेवटी तिन्ही रस्ते वापरले. स्वयंपाकघर आणि बाथरूमच्या टाइल्स तशाही बदलायच्या होत्या, तिथे कन्सील्ड. हॉलमधल्या पंख्या-दिव्यांच्या तारा जुन्या पाइपातून सरकल्या, त्या तशाच ओढल्या. दोन्ही बेडरूम आणि पॅसेजला पट्टी. शेवटचा हप्ता देण्याआधी वायरमनने ५०० व्होल्टचा मेगर लावून प्रत्येक सर्किटचं इन्सुलेशन मोजलं; किमान एक मेगाओहम हवं, आमचं सगळीकडे त्याच्या कितीतरी वर निघालं. ते आकडे तारखेसह डीबीच्या झाकणाच्या आत चिकटवले आहेत. त्याखाली मी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दोन्ही आरसीसीबींची टी बटणं दाबून एक खूण करते.