ईएसआय आणि ग्रुप मेडिक्लेम: छोट्या कारखान्याने काय घ्यावं?

भोसरीत किंवा सातपूरला पंचवीस-तीस माणसांचं वर्कशॉप चालवणारे मालक हटकून विचारतात, ‘मेडिक्लेम काढला तर ईएसआय बंद करता येईल का?’ नाही येत. ईएसआय म्हणजे कर्मचारी राज्य विमा, ही सरकारी योजना; ग्रुप मेडिक्लेम म्हणजे सगळ्या कामगारांसाठी विमा कंपनीकडून एकत्र घेतलेली आरोग्य पॉलिसी. कारखान्यात 10 किंवा जास्त माणसं असली की महिना 21,000 रुपयांपर्यंत (दिव्यांगांसाठी 25,000) वेतन असलेल्यांचं ईएसआय सक्तीचं आहे, खासगी पॉलिसी कितीही मोठी असो. पुढे माणसं आठवर आली तरी नोंदणी सुटत नाही. ठरवायचं असतं ते या 21,000 च्या रेषेच्या वरच्यांचं.

खर्चात ईएसआय सरळ आहे. मालकाचे 3.25 टक्के, कामगाराचे 0.75. पगार 18,000 असेल तर 585 आणि 135 रुपये, चलन पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत. कामगाराचं वय, मधुमेह, अवलंबून असलेले आईवडील, कशानेही दर हलत नाही. मेडिक्लेमचा हप्ता मात्र वयावर आणि आधीच्या क्लेमवर ठरतो. तीस जणांच्या गटात एक बायपास झाली की नूतनीकरणाला कंपनी दर वाढवून मागते. वर 18 टक्के जीएसटी आहेच. सप्टेंबर 2025 मध्ये तो वैयक्तिक पॉलिसीवरून गेला, ग्रुपवरून नाही.

खरा फरक बुडालेल्या पगाराचा आहे. ईएसआय उपचारांबरोबर आजारपणात वर्षाला 91 दिवसांपर्यंत 70 टक्के वेतन देतं (त्यासाठी संबंधित सहामाहीत 78 दिवसांची वर्गणी भरलेली लागते), कामावर इजा झाली तर 90 टक्के, बाळंतपणात 26 आठवडे पूर्ण. मेडिक्लेम फक्त हॉस्पिटलचं बिल बघतो. म्हणजे ईएसआयच्या बाहेर असलेल्या, 24,000 पगाराच्या बाईच्या बाळंतपणाचं बिल, तेही ठरलेल्या मर्यादेत, विमा कंपनी देईल. 26 आठवड्यांचा पगार मालकाच्या खिशातून. कामावर बोट गेलं तर नुकसानभरपाईची जबाबदारीही मालकाचीच, त्यासाठी वेगळी पॉलिसी घ्यावी लागते. हे दोन खर्च धरल्याशिवाय मेडिक्लेम स्वस्त म्हणू नका.

ईएसआयची दुखरी बाजू सगळ्यांना माहीत आहे: दवाखान्यातली रांग, मग मोठ्या हॉस्पिटलात पाठवणारी रेफरल चिठ्ठी. पण निम्मा त्रास कारखान्याच्या ऑफिसातच तयार होतो. नवा माणूस रुजू झाल्यावर 10 दिवसांत नोंदणी झाली पाहिजे. बायको-मुलांची नावं आणि आधार जोडायचं राहिलं की ऐनवेळी घरच्यांचे उपचार अडतात.

मेडिक्लेम घेताना आधी खोलीभाड्याची अट वाचा. तीन लाखांच्या विम्याला दिवसाला 1 टक्का, म्हणजे 3,000 ची मर्यादा असेल आणि माणूस 6,000 च्या खोलीत पाच दिवस राहिला, तर 30,000 पैकी 15,000 मिळतात एवढ्यावर भागत नाही. सर्जन, ऑपरेशन थिएटर, नर्सिंगचं 80,000 चं बिलही त्याच प्रमाणात अर्धं होतं. औषधं आणि इम्प्लांटचे 40,000 मात्र पूर्ण मिळतात. दीड लाखात 55,000 घरच्यांवर. थोडा जास्त हप्ता देऊन ही अट काढून घ्या; विम्याची रक्कम तीनवरून पाच लाख करण्याआधी हे करावं, असं आमचं मत. जुन्या आजारांचा प्रतीक्षाकाळ (ज्यात त्या आजारांचा खर्च मिळत नाही) माफ आहे हे पॉलिसीतच लिहून घ्या, एजंटच्या व्हॉट्सअॅपवर नको. नव्या माणसांची नावं चढवायला कंपनीकडच्या ठेव खात्यात शिल्लक लागते. ती संपली की नाव पाठवूनही कव्हर सुरू होत नाही.

राहिली रेषेवरची माणसं. मे महिन्यात पगार 22,000 झाला म्हणून जूनपासून ईएसआय थांबवणं ही नेहमीची चूक. एप्रिल ते सप्टेंबर ही वर्गणीची सहामाही पूर्ण भरावीच लागते, तीही 22,000 वर. तिचे लाभ पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये मिळतात. त्यामुळे अशा माणसाला मेडिक्लेममध्ये घ्यायची घाई नसते. शिवाय 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेनुसार वेतनातून वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या 50 टक्क्यांपुढे गेले तर वरची रक्कम वेतनात धरली जाते. मूळ पगार कमी आणि भत्ते जास्त अशी पगारपत्रकं असतील, तर कोण रेषेच्या आत आणि कोण बाहेर हे बदलू शकतं; म्हणून मेडिक्लेमचं कोटेशन मागवण्याआधी सल्लागाराकडून ती नव्याने मांडून घ्या.