सांगलीत हरभट रोडवरचं साडीचं दुकान, बस्ता बांधायला नक्की जा

धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं, आणि आजी, आत्या, दोन मावश्या असा सगळा गोतावळा घेऊन आम्ही या दुकानात बस्ता बांधायला गेलो. सकाळी ११ ला गादीवर बसलो ते संध्याकाळी ५ लाच उठलो. शालू, मानपानाच्या साड्या, आहेराचे टॉवेल-टोप्या सगळं एकाच ठिकाणी झालं. माल चांगला आहेच, पण मला लिहायचंय ते तिथल्या माणसांबद्दल.

साड्या दाखवणाऱ्या काकांनी आजीला बघितल्या बघितल्या विचारलं, "आजी, मागं हिरवी इरकल नेलेली, टोपपदराची, ती विरली काय?" ती माझ्या लग्नातली, सहा वर्षं झाली! काका तिथं २२ वर्षं आहेत. एवढे कसे टिकलात विचारलं तर म्हणाले, २०१९ च्या पुरात इर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, दुकानात छातीएवढं पाणी, महिनाभर शटर उघडलं नाही तरी मालकांनी एकाचाही पगार कापला नाही, उलट कुणाच्या घरात चिखल आहे बघायला स्वतः आले. मग सोडून जायचं तरी कशाला.

अजून एक बघितलं, प्रत्येक काउंटरमागं पोरींना बसायला स्टूल आहे. साधी गोष्ट वाटते पण केरळात यासाठी २०१८ ला आणि तामिळनाडूत २०२१ ला कायदा करायला लागला, इतकी वर्षं दुकानातल्या बायका दिवसभर उभ्याच राहायच्या. ब्लाउजपीस बघणारी ताई बाळंतपणानंतर परत कामावर आलेली. ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा) आहे म्हणून २६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली म्हणाली, आणि तो पैसा ईएसआयकडनंच येतो, मालकाच्या गल्ल्यातनं जात नाही. मालक महिन्याला पगाराच्या ३.२५ टक्के भरतात, तिचे ०.७५ टक्के कापतात, बास. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या दुकानदारांनी हे नीट समजून घ्यायला पाहिजे, कारण पोरगी शिकवून तयार करायची आणि बाळंतपणात घालवायची यात दुकानाचंच नुकसान आहे.

आधी आम्ही दुसऱ्या एका मोठ्या शोरूमला गेलेलो, नाव घेत नाही. तिथं गिऱ्हाइकासमोर मालक पोरीवर खेकसला, तिचे डोळे भरले, आई म्हणाली चला इथनं. तिथं दर दोन-तीन महिन्यांनी नवीन चेहरे दिसतात, आणि नारायणपेठ मागितली तर भलतंच काढून दाखवतात.

आता तक्रार. पार्किंग अजिबात नाही, गाडी लांब लावून चालत यायला लागतं. भाव फिक्स, घासाघीस चालत नाही. फॉल-पिकोला चार दिवस सांगितले आणि सहा लागले, पण उशीर होणार हे काकांनी आधीच फोन करून सांगितलं, आणि साड्या घरी पोचवायला दुकानातला पोरगा आला तेव्हा आईनं त्याला जेवायलाच बसवलं.