कूलर लाइनची पारदर्शक नळी: हवा दिसते, हवेची वाट दिसत नाही

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या ऑइलमध्ये (एटीएफ) हवा मिसळतेय का, हे बघण्यासाठी ते ऑइल गार करणाऱ्या कूलरच्या लाइनमध्ये जोडायच्या पारदर्शक नळीचे किट मिळतात. फूटभर नळी, दोन टोकांचे जोड आणि क्लिपा, एवढंच त्यात असतं. वस्तू कामाची आहे. पण विकताना ‘दोष लगेच सापडेल’ असं सांगतात, ते अर्धंच खरं आहे.

घेताना आधी नळी कशाची आहे ते विचारा. स्वस्त किटमध्ये साधी पीव्हीसी नळी असते. ती ६०-६५ अंशांच्या पुढे मऊ पडते आणि चाललेल्या गाडीतलं एटीएफ सहज ८०-९० अंशांवर असतं. मऊ पडलेली नळी जोडावरून निसटली की गरम ऑइल उडून थेट एक्झॉस्टवर पडू शकतं. अशी नळी फुकट मिळाली तरी घेऊ नये. एफईपी किंवा पीएफए या टेफ्लॉनच्या जातीच्या प्लास्टिकची नळी २०० अंशांपर्यंत टिकते, ऑइलने धुरकटत नाही आणि वर्षानुवर्षं वापरता येते. ती कडक असते, त्यामुळे जुबली क्लिपने (स्क्रूने आवळायची पट्टी) नीट आवळली जात नाही. तिला कॉम्प्रेशन फिटिंग (नट आवळून नळीवर रिंग दाबणारा जोड) लागतं. चांगल्या किटमध्ये ते सोबतच येतं आणि वेगळ्या मापांच्या पाइपांसाठी जोडही असतात. जास्त पैसे मोजायचे ते याच गोष्टीसाठी.

नळी लावायची ती कूलरकडून गिअरबॉक्सकडे परत येणाऱ्या लाइनमध्ये. गाडी थंड असताना चालू करून दोन्ही पाइपांना हात लावला तर जो आधी कोमट होतो तो जाणारा, उरलेला परतीचा. परतीच्या लाइनमध्ये दाब कमी असतो, म्हणून नळीवर ताण येत नाही आणि दाबाखाली विरघळलेली हवाही तिथे बाहेर पडून दिसते. याच कारणाने तिथे अधूनमधून एखादा बुडबुडा दिसला तर घाबरायचं काही नाही. ऑइल नुकतंच बदललं असेल किंवा गाडी बरेच दिवस उभी असेल, तर टॉर्क कन्व्हर्टरमधली (ऑइलमार्फत इंजिनची ताकद गिअरबॉक्सला देणारा भाग) हवा निघेपर्यंत फेस दिसणारच. बरेच जण इथेच फसतात आणि गिअरबॉक्समधला चांगला ऑइल पंप बदलून बसतात.

तपासणी ऑइल गरम झाल्यावरच करावी. बऱ्याच गाड्यांत कूलरच्या वाटेवर थर्मोस्टॅट असतो आणि तो उघडेपर्यंत नळीतून फारसं ऑइल जातच नाही. हँडब्रेक ओढून, चाकांना अडण लावून गिअर न्यूट्रलला ठेवा. काही जुन्या गिअरबॉक्समध्ये पार्कमध्ये कन्व्हर्टरला ऑइल मिळत नाही, म्हणून पार्क नको. नळीमागे पांढरा टॉर्च धरा. आयडलवर (ॲक्सिलरेटर न दाबता), मग १५०० आणि मग २५०० आरपीएमवर अर्धा-अर्धा मिनिट बघा. सुटे, मोठे बुडबुडे आणि सगळ्या ऑइलला आलेला दुधी धूसरपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घातक दुसरी. बारीक हवा मिसळलेलं ऑइल दाबाखाली आकसतं, त्यामुळे क्लच पुरेशा जोराने आवळले जात नाहीत, घसरतात आणि जळतात.

आता किट काय सांगत नाही, ते. आयडलला स्वच्छ आणि आरपीएम वाढवल्यावर दुधी, हे चित्र तीन कारणांनी येतं: ऑइल कमी, ऑइल जास्त, किंवा पंपाच्या ओढीच्या बाजूला गळती. नळीत तिन्ही सारखीच दिसतात. म्हणून नळी लावण्याआधी लेव्हल बघायची, आणि तीही कंपनीने सांगितलेल्या तापमानाला. डिपस्टिकवर फेस असेल तर ती लेव्हल जास्त दाखवते; त्या आकड्यावर विसंबू नका. डिपस्टिक नसलेल्या गिअरबॉक्समध्ये इंजिन चालू ठेवून, स्कॅनरवर ऑइलचं तापमान बघत लेव्हल प्लग (पातळी बघायचं बूच) उघडावा लागतो. ऑइल जास्त असेल तर फिरते गिअर ते घुसळतात आणि ब्रीदरमधून (गिअरबॉक्सची हवा सुटायची वाट) ऑइल बाहेर येऊ लागतं. कमी असेल तर वळणावर किंवा चढावर फिल्टरचं तोंड उघडं पडतं आणि गिअर उशिरा पडतो.

लेव्हल बरोबर, तरी नळी दुधी, आणि आरपीएमबरोबर चढत जाणारा पंपाचा रडका आवाज येत असेल, तर संशय फिल्टरच्या मानेवर, म्हणजे त्याच्या भोकात बसणाऱ्या नळीवर. अलीकडेच फिल्टर बदललेला असेल तर हा संशय आणखी पक्का. जुनी सील भोकातच चिकटून राहते, नवा फिल्टर स्वतःच्या सीलसकट तिच्यावर दाबला जातो आणि मान तिरकी बसते. बाहेर एक थेंबही गळत नाही, आत मात्र हवा ओढली जाते. नवीन सील कोरडी बसवली तरी ती दुमडते किंवा कापली जाते. एटीएफमध्ये बुडवलेलं बोट तिच्यावर फिरवूनच ती बसवायची. खात्री करायची असेल तर तात्पुरतं अर्धा ते एक लिटर ऑइल जास्त घाला. आवाज बंद झाला आणि नळी स्वच्छ झाली, तर गळकी जागा ऑइलखाली बुडाली असं समजा. मग जादा ऑइल काढा आणि पॅन (गिअरबॉक्सखालचं ऑइलचं भांडं) उघडा. या अवस्थेत गाडी फिरवायची नाही. फरक पडला नाही, तर चोंदलेला फिल्टर किंवा पंपाचं गॅस्केट बघावं लागेल, आणि तिथे २० बारचा प्रेशर गेज नळीपेक्षा जास्त बोलतो. हवा असेल तर त्याचा काटा थरथरतो.

ऑइल गुलाबी आणि गढूळ दिसलं तर नळीकडे बघत बसू नका. काचेच्या बरणीत थोडं ऑइल काढून ठेवा. हवा असेल तर ते थोड्या वेळात वरपर्यंत नितळ होतं. तासांनीही दुधीच राहिलं तर रेडिएटरमधल्या कूलरमधून कूलंट आत शिरतंय.

काही किटसोबत ‘फेस घालवणाऱ्या’ द्रवाची बाटली देतात. ती बाजूला ठेवा. एटीएफमध्ये फेस मारणारे घटक आधीच असतात. वरून सिलिकॉन वाढवलं की वरचा फेस बसेलही, पण आतली बारीक हवा सुटायला उलट जास्त वेळ लागतो. नळी नितळ होत नाही, मालक मात्र निश्चिंत होतो.

कूलर थेट गिअरबॉक्सवर बोल्टने बसवलेला असेल तर मध्ये लाइनच नसते, तिथे हे किट निरुपयोगी. ज्यांच्याकडे रबरी होजच्या लाइनचे गिअरबॉक्स नेहमी येतात, त्यांनी एफईपीचं किट जरूर घ्यावं. एकाच गाडीसाठी शोध चालला असेल तर आधी लेव्हल आणि बरणी. त्याने उलगडा झाला नाही, तरच नळी. तपासणी झाल्यावर नळी गाडीत ठेवू नका. मूळ होज जोडा, सांडलेलं ऑइल मोजून परत भरा आणि लेव्हल पुन्हा एकदा बघा.