कॅलिफोर्नियात लेन बदलल्याचं तिकीट: लेखी लढायचं की कोर्टात उभं राहायचं?

पोलिसांनी दिलेल्या दंडाच्या तिकिटावर बहुधा वाहन संहितेचं कलम २२१०७ असतं. ते आधी नीट वाचा. लेन बदलणं सुरक्षित हवंच. सिग्नलची (म्हणजे इंडिकेटर देण्याची) सक्ती मात्र दुसऱ्या गाडीवर परिणाम होण्याची शक्यता असेल तेव्हाच. (मागे फक्त पोलिसांची गाडी असली, तरी तीही ‘दुसरी गाडी’च.)

लेखी सुनावणीसाठी मुदतीत टीआर-२०५ फॉर्म भरायचा आणि दंडाची पूर्ण रक्कम आधीच जमा करायची. जिंकलात तर ती परत मिळते. सोबत रस्त्याचा नकाशा, डॅशकॅममधली चित्रं, गाड्यांमधली अंतरं जोडा; ‘मी नेहमी जपून चालवतो’ या वाक्याला तिथे काडीची किंमत नाही. अधिकाऱ्यालाही आपलं म्हणणं लिहून पाठवायचं असतं. त्याने ते पाठवलंच नाही तर तिकीट सहसा रद्द होतं. हरलात तरी निकाल टपालात पडल्यापासून २० दिवसांत टीआर-२२० भरून नव्याने प्रत्यक्ष सुनावणी मागता येते.

थेट कोर्टात गेलात तर ही दुसरी संधी नाही. उरतं ते अपील, ३० दिवसांत आणि कायद्याच्या चुकीपुरतंच. पैसे मात्र सहसा आधी भरावे लागत नाहीत, आणि अधिकाऱ्याला समोरासमोर विचारता येतं: तुम्ही कुठे होतात? मागची गाडी किती अंतरावर होती? तिला ब्रेक लावावा लागला का? कागदावर हे जमत नाही.

त्यामुळे आधी लेखी, हेच बरं. फक्त ट्रॅफिक स्कूलचा (पॉइंट टाळण्यासाठी करायच्या वाहतूक-नियमांच्या वर्गाचा) विचार अर्ज करण्यापूर्वीच करा. हरल्यावर ते देणं न्यायाधीशाच्या मर्जीवर असतं, आणि नाही मिळालं तर लायसन्सवर एक दोषाचा पॉइंट लागतो.