हिवतापाचे बायव्हॅलेंट रॅपिड किट : गडचिरोलीतील वापराच्या कसोटीवर

गडचिरोली जिल्ह्यातील आशा कार्यकर्तीच्या पिशवीत जी मोजकी साधने बारमाही असतात, त्यांत हिवतापाच्या रॅपिड किटइतके उपयुक्त दुसरे साधन नाही, असे माझे मत आहे. नोकरीची बहुतेक वर्षे सूक्ष्मदर्शकाखाली स्लाईड वाचण्यात घालवलेल्या तंत्रज्ञाचे हे मत असल्यामुळे त्यात किटविषयीचा भाबडा उत्साह नाही, एवढी खात्री वाचकांनी बाळगावी. हे परीक्षण कोणा एका कंपनीच्या मालाचे नसून, हिवतापविरोधी राष्ट्रीय कार्यक्रमात २०१३ पासून आलेल्या बायव्हॅलेंट किटचे, म्हणजे पीएफ (फॅल्सिपेरम) आणि पीव्ही (व्हायवॅक्स) या परजीवींचे दोन्ही हिवताप एकाच पट्टीवर दाखवणाऱ्या चाचणीचे आहे.

हे किट कोणत्या अडचणीवर उतारा म्हणून आले, ते आधी पाहिले पाहिजे. भामरागड, एटापल्ली, धानोरा, कोरची या तालुक्यांत गाव म्हणजे अनेकदा जंगलात विखुरलेले टोले, म्हणजे लहान वस्त्या असतात. तेथे काचेच्या स्लाईडवर घेतलेला रक्तनमुना वाळवून, कागदात गुंडाळून प्राथमिक आरोग्य केंद्रात पोहोचवायचा, तेथे तो परजीवी दिसावेत म्हणून जेएसबी नावाच्या रंगाने रंगवायचा, तंत्रज्ञाने तो वाचायचा आणि निकाल पुन्हा त्याच वाटेने परत पाठवायचा, या साखळीत आठवडा सहज जात असे. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचाच संपर्क तुटतो आणि हिवतापाचा जोरही नेमका पावसाळ्यात व त्यानंतरच्या महिन्यांत असतो. फॅल्सिपेरम, म्हणजे पीएफ, इतकी वाट पाहत नाही. लहान मुलामध्ये तो एकदोन दिवसांत मेंदूपर्यंत जाऊ शकतो. म्हणूनच ज्या ठिकाणी स्लाईडचा निकाल चोवीस तासांत मिळू शकत नाही तेथे किट वापरावे, हा राष्ट्रीय कार्यक्रमाचा नियम मला योग्य वाटतो. माझ्या प्रयोगशाळेतील अचूक निकाल रुग्ण बरा झाल्यावर किंवा दगावल्यावर पोहोचत असेल, तर त्या अचूकतेचा उपयोग केवळ वार्षिक अहवालापुरता उरतो.

वापर सोपा आहे. बोटाला टोचून सुमारे ५ मायक्रोलिटर, म्हणजे एका थेंबाहूनही कमी रक्त, सोबतच्या नळीने किंवा कडीने उचलून ठरलेल्या खळग्यात टाकायचे, दुसऱ्या खळग्यात बफरचे, म्हणजे रक्त पट्टीवरून वाहून नेणाऱ्या द्रवाचे थेंब सोडायचे आणि थांबायचे. फॅल्सिपेरम परजीवी एचआरपी-२ नावाचे प्रथिन रक्तात सोडतो, ते पट्टीवरच्या एका रेघेवर अडकते. व्हायवॅक्ससाठी पीएलडीएच या विकराची वेगळी रेघ असते. तिसरी रेघ नियंत्रणाची असून ती उमटली नाही तर चाचणी बाद समजून नवे किट उघडावे लागते. आठवीपर्यंत शिकलेली कार्यकर्ती थोड्याशा प्रशिक्षणानंतर हे काम व्यवस्थित करते, हे मी स्वतः पाहिले आहे.

गफलत होते ती वाचताना, आणि या भागाकडे प्रशिक्षणात सर्वांत कमी वेळ दिला जातो. पहिली गफलत नियंत्रणाच्या रेघेविषयी आहे. ती रेघ दिसली म्हणजे चाचणी बरोबर झाली, असा सार्वत्रिक समज आहे. प्रत्यक्षात ती रेघ एवढेच सांगते की द्रव पट्टीवरून नीट वाहत गेला. रक्त अपुरे पडले, किंवा चुकीच्या खळग्यात गेले, तरी ती रेघ उमटू शकते आणि कार्यकर्ती निर्धास्तपणे ‘निगेटिव्ह’ लिहून मोकळी होते. दुसरी गफलत वेळेची. बनावटीनुसार पाकिटावर १५ किंवा २० मिनिटांची वेळ दिलेली असते. त्याआधी वाचल्यास क्षीण रेघ सुटते, आणि घरोघरी फिरून तासाभराने परत येऊन वाचल्यास नसलेली रेघ उमटलेली दिसू शकते. ज्या गावात एका सकाळी तापाचे पुष्कळ रुग्ण ओसरीवर जमतात, तेथे प्रत्येक पट्टीवर पेन्सिलीने नाव आणि रक्त टाकल्याची वेळ लिहिणे, हा साधा उपाय कोणत्याही सुधारित आवृत्तीपेक्षा अधिक उपयोगी पडतो. तिसरी गोष्ट म्हणजे पुसट रेघ. ठरलेल्या वेळेत दिसलेली रेघ कितीही फिकी असली तरी निकाल पॉझिटिव्हच असतो. रेघेच्या गडदपणावरून आजार हलका की भारी हे ठरवता येत नाही, तरीही तसे ठरवण्याची सवय अनुभवी माणसांतही आढळते.

या साधनाची खरी मर्यादा एचआरपी-२ या प्रथिनातच आहे. परजीवी मेल्यानंतरही ते रक्तात कित्येक आठवडे राहते. त्यामुळे पूर्ण उपचार घेतलेल्या रुग्णाला पंधरा दिवसांनी सर्दीचा ताप आला आणि पुन्हा किट लावले, तर पीएफची रेघ ठसठशीत येऊ शकते, औषध लागू पडले नाही असा निष्कर्ष निघतो आणि गोळ्यांचा दुसरा कोर्स विनाकारण सुरू होतो. अशा वेळी निर्णय स्लाईडवरच घेतला पाहिजे. उलट बाजूही आहे. काही फॅल्सिपेरम परजीवींमध्ये या प्रथिनाचे जनुकच नसते. पेरूच्या अ‍ॅमेझॉन भागात २०१० मध्ये हे प्रथम नोंदले गेले, पुढे इरिट्रियात त्याचे प्रमाण इतके निघाले की तेथे वापरातील किट बदलावे लागले. भारतात, गडचिरोलीला लागून असलेल्या छत्तीसगडमध्ये आणि ओडिशातही, असे परजीवी थोड्या प्रमाणात सापडले आहेत. आज त्यामुळे किट टाकून देण्याचे कारण नाही. मात्र निकाल निगेटिव्ह असूनही लक्षणे हिवतापाचीच वाटत असतील तर स्लाईड काढण्याची शिस्त मोडता कामा नये.

परजीवींची संख्या कमी असेल तरीही किट चुकते. जागतिक आरोग्य संघटना आणि निदान चाचण्यांवर काम करणारी ‘फाइंड’ ही संस्था यांनी २००८ पासून या किटांची जी तुलनात्मक पारख केली, तीत एका मायक्रोलिटर रक्तात २०० परजीवी ही मुख्य पातळी धरली होती. चांगला तंत्रज्ञ त्याहून कमी परजीवीही स्लाईडवर पकडतो, हे सांगताना मला अभिमान वाटतो हे लपवत नाही. वारंवार हिवताप होऊन गेलेल्या प्रौढांमध्ये परजीवी असतात, ताप नसतो आणि पट्टी कोरी राहते. म्हणून गावच्या गाव तपासण्याच्या मोहिमेत किटवर जो भरवसा टाकला जातो, तो तापाच्या रुग्णासाठी जितका योग्य आहे तितका या कामासाठी नाही.

साठवणुकीचा प्रश्न विदर्भात विशेष टोचतो. काही पाकिटांवर ३० अंशांची, तर काहींवर ४० अंशांची मर्यादा छापलेली असते आणि गडचिरोलीच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. उपकेंद्राच्या पत्र्याखालील कपाटात उन्हाळा काढलेले किट जुलैत गावात पोहोचते, म्हणजे ज्या महिन्यात त्याची सर्वाधिक गरज आहे त्याच महिन्यात ते सर्वांत कमजोर झालेले असू शकते. त्यामुळे खरेदी करणाऱ्याने ४० अंशांपर्यंत टिकणारेच किट मागवावे, यात तडजोड करू नये. पुरवठ्याबाबत दुसरी तक्रार बफरची आहे. दहा किंवा पंचवीस चाचण्यांना मिळून एकच बाटली दिली की ती आधी संपते, मग दुसऱ्या कंपनीची बाटली वापरली जाते, आणि अशा पट्टीचा निकाल विश्वसनीय राहत नाही. प्रत्येक चाचणीसोबत बफरची स्वतंत्र कुपी असलेले पाकीट थोडे महाग पडले तरी दुर्गम भागासाठी तेच घ्यावे. सूचनापत्रकाविषयी एवढेच सांगतो की मी पाहिलेली पत्रके इंग्रजीत होती. ती माडिया बोलणाऱ्या आणि मराठीत शिकलेल्या कार्यकर्तीच्या काय उपयोगाची, ते पुरवठादारांनीच सांगावे.

किटसोबत औषध नसेल तर ही सारी चर्चा फोल आहे. पीएफ निघाल्यास महाराष्ट्रात आर्टेसुनेट आणि सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामाइन यांची एकत्रित उपचारपद्धती व प्रायमाक्विनची एक मात्रा, पीव्ही निघाल्यास तीन दिवस क्लोरोक्विन आणि चौदा दिवस प्रायमाक्विन दिले जाते. गरोदर स्त्रियांना व तान्ह्या बाळांना प्रायमाक्विन देत नाहीत. वयोगटानुसार निरनिराळ्या रंगांची पाकिटे असल्याने मात्रेची चूक कमी होते. किट आहे पण लहान मुलांचे पाकीट संपले आहे, अशी स्थिती मी जेथे पाहिली तेथे लोकांनी पुढच्या खेपेस बोट पुढे करायला नकार दिला, आणि त्यांना दोष देता येत नाही.

निवासी आश्रमशाळा, रस्त्याच्या कामावरील मजूर छावण्या आणि तेंदूपत्ता हंगामातील कंत्राटदार यांनी स्वतःच्या खर्चाने किट ठेवावे का, असे विचारले जाते. माझे उत्तर होकारार्थी आहे, परंतु जवळच्या उपकेंद्राशी औषधाचा आणि नोंदीचा करार आधी झाला असेल तरच. विक्रेत्याच्या शिफारशीपेक्षा जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीतील नाव पाहावे. गोव्यात तयार होणारे ‘पॅराचेक’ जगभर गेले असले तरी त्याची मूळ पीएफ चाचणी व्हायवॅक्स दाखवत नाही, त्यामुळे बायव्हॅलेंट हा शब्द पाकिटावर आहे ना, हे तपासावे. मुदतीत निदान वर्षभर शिल्लक असावे. पाकीट फोडल्यावर आतील सिलिकाच्या पुडीचा रंग बदललेला दिसला तर ती पट्टी वापरू नये. टोचलेल्या सुया टाकण्यासाठी न फुटणारी पांढरी डबी मात्र वेगळी मागवावी लागते, कारण किटच्या खोक्यात ती मला आजवर मिळालेली नाही.